चांदी वर आली, नावं खालीच राहिली

२०१७ साली हिंदी महासागराच्या तळातून, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून, चांदीच्या २,३६४ विटा वर काढण्यात आल्या. वजन साठ टनांच्या आसपास. ज्या जहाजाच्या पोटात त्या पंचाहत्तर वर्षं पडून होत्या, ते मुंबईहून सुटलं होतं. ‘एस. एस. तिलावा’ हे त्याचं नाव. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबई बंदर सोडून ते मोंबासा आणि पुढे डर्बनच्या वाटेला लागलं. तिसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, एका जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. लोक होड्यांत उतरत होते, काही जण परत जहाजावरही चढले होते, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला आणि जहाज बुडालं. जहाजावर ९५८ माणसं होती. त्यांतली २८० गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘एच. एम. एस. बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचललं आणि २७ तारखेला पुन्हा मुंबईलाच आणून उतरवलं.

चांदी दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघाली होती. ती वर काढणाऱ्या कंपनीने मोबदला मागितला, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नकार दिला. वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. एकेका विटेचा हिशेब लागला, असं म्हणायला हरकत नाही.

त्या २८० माणसांच्या नावाने मुंबईत पहिली जाहीर स्मरणसभा झाली ती २०२२च्या नोव्हेंबरात, बॅलार्ड इस्टेटमध्ये. म्हणजे ऐंशी वर्षांनी. तीही सरकारने किंवा बंदराने भरवली नव्हती. वंशजांनी एकमेकांना शोधून काढून ती घडवून आणली. मृतांत बहुतेक प्रवासी होते, आफ्रिकेत पोटापाण्याला निघालेली गुजराती कुटुंबं त्यांत मोठ्या संख्येने होती. पण २८ जण जहाजाचे कर्मचारी होते. प्रवासी बोटीवरचे नोकर म्हणून त्यांना सैनिक कुणी म्हटलं नाही. मात्र महायुद्ध चालू असताना, पाणबुड्या फिरत असलेल्या समुद्रात, दर खेपेला जीव मुठीत धरून जाणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.

मुंबईत युद्ध म्हटलं की आपल्याला सीमेवरचा जवान आठवतो, आणि तो आठवावाच. पण या शहराने युद्धात जी माणसं सर्वांत जास्त दिली, ती बंदरातून दिली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास भारतीय खलाशी होते, एकूण खलाशांपैकी दर चारातला एक. कलकत्ता आणि मुंबई ही त्यांच्या भरतीची दोन मोठी बंदरं. मुंबईतून जाणाऱ्यांत रत्नागिरी, जंजिरा-मुरुडकडचे कोकणी मुसलमान, गुजरातच्या किनाऱ्यावरचे खारवी आणि गोव्याचे ख्रिस्ती असत. गोव्याचे बहुधा स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये. कोकणातले डेकवर किंवा खाली बॉयलरशी. वरचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी; आणि भट्टीत कोळसा लोटणारा तो आगवाला. टॉर्पेडो लागायचा तो बहुतेक वेळा पाण्याच्या रेषेखाली, म्हणजे आगवाल्याच्या बाजूला. शिडी चढून वर यायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागे.

या माणसांचा पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फारच कमी होता. १९३९च्या शरद ऋतूत, युद्ध सुरू होताच, लंडनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या बंदरांत भारतीय खलाशांनी पगारवाढ आणि युद्धभत्ता मिळेपर्यंत जहाजावर चढायचं नाकारलं. अनेकांना तुरुंगात टाकलं गेलं. शेवटी पगार वाढवावा लागला. शूरवीरांच्या गोष्टीत संप बसत नाही, म्हणून हा भाग कुणी सांगत नाही. मला मात्र तो सांगावासा वाटतो. मरण स्वीकारणारा माणूस आधी भाव करतो, यात त्याच्या शौर्याला उणेपणा येत नाही. उलट तो डोळे उघडे ठेवून गेला हे कळतं.

सप्टेंबर १९४०मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडालं. इंग्लंडमधली मुलं बॉम्बहल्ल्यांपासून वाचवून कॅनडाला नेली जात होती. त्यांतली ७७ मुलं गेली. ब्रिटनमध्ये ही शोकांतिका आजही माहीत आहे. त्याच जहाजावरचे शंभराच्या आसपास भारतीय खलाशीही गेले. एक होडी आठ दिवस समुद्रावर भरकटत राहिली आणि सापडली. तीत मोजकी मुलं होती, बाकीचे बहुतेक भारतीय खलाशी. पण गोष्ट सांगताना कॅमेरा मुलांवरच राहतो.

लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मृतांचं भव्य स्मारक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशाला ते दिसतंच. भारतीय खलाशांच्या नावांसाठी वेगळी सोय झाली, ती मुंबई आणि चितगावला. मुंबईची जागा म्हणजे मस्जिद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, पी. डि’मेलो रोडवरचं ‘इंडियन सेलर्स होम’. (रस्त्याचं जुनं नाव फ्रेअर रोड. एका गव्हर्नराचं नाव काढून गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं दिलं. नामांतरांच्या या शहरात असे नेमके बसलेले बदल थोडेच.) पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांचं स्मरण इथे नोंदलेलं आहे. त्यांत नौदलाचे सुमारे चारशे, बाकीचे सगळे व्यापारी जहाजांवरचे. यांतल्या कुणालाही कबर नाही. पाणी हीच कबर. म्हणून नाव हीच काय ती त्यांची शेवटची जागा.

आणि ही जागा कुठे आहे? जहाज मिळण्याची वाट पाहणाऱ्या, कागदपत्रांसाठी आलेल्या खलाशांच्या वसतिगृहात. एका परीने हे योग्यच वाटतं. नव्याने बोटीवर जाणारा पोरगा जुन्या बुडालेल्यांच्या शेजारी झोपतो. पण समोरच्या रस्त्यावरून रोज मालाच्या गाड्या जातात, त्या पलीकडे रेल्वे, अलीकडे गोदीची भिंत. गिरगाव, लालबाग, दादरच्या किती मराठी माणसांना ही वास्तू ठाऊक आहे? गेटवे ऑफ इंडियाची तारीख शाळेत पाठ करून घेतात. ही मात्र कुणी दाखवायला नेत नाही.

गिरगावात किंवा लालबागेत जुन्या कुटुंबात विचारा, ‘आजोबा बोटीवर होते’ हे वाक्य हमखास मिळतं. कुठल्या बोटीवर, ते मात्र मिळत नाही. कुठल्या साली गेले, परत आले का, ते आजीला माहीत होतं, आणि आजी गेली. बोटीवरची नोकरी ही चाळीतल्या माणसाच्या लेखी नोकरीच होती, युद्ध नव्हतं. गिरणीत खातं, तशी बोट. दरमहा मनीऑर्डर आली की सगळं ठीक. नाही आली की काय झालं ते कळायला महिने लागत.

यात दगडाचाही दोष आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं. १८५८ साली ते खुलं झालं. तिथल्या लेखात अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरल्याचं सांगितलंय, आणि खालच्या हुद्द्याच्या शिपायांबद्दल, ते इतके होते की नावं नोंदवणं शक्य झालं नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. हा नियम पुढेही चालला. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मुंबईहूनच बोटींत बसून मेसोपोटेमियाला गेली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. उपासमार, स्कर्व्ही, आणि शरणागतीनंतर वाळवंटातली पायपीट. त्या मोहिमेतल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं एकेक कोरलेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. पण साध्या भारतीय शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली स्वतःचाच तपास करून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली.

कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत त्या काळातल्या संगमरवरी पाट्या अजून भिंतीत आहेत: या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी तमुक परत आली नाहीत. आकडे आहेत, नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण मेले. त्या गावाला लोक आज ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. तिथे आठवण टिकली, पण पाटीमुळे नव्हे. दर पिढीत पोरं भरतीला जात राहिली म्हणून ती टिकली.

इथे माझं म्हणणं सांगून टाकतो. हुतात्म्यांचं स्मरण भावनेच्या जोरावर टिकतं, असा आपला समज आहे. माझा अनुभव आणि वाचन उलटं सांगतं. ज्यांच्या कामाचा, हक्काचा किंवा पोटाचा ते भाग असतं, त्यांच्याकडेच ते टिकतं. भावना दोन-चार वर्षं पुरते. मग कुणाच्या तरी कामाच्या यादीत ते असावं लागतं.

याचं मुंबईतलं सर्वांत चांगलं उदाहरण भायखळ्याला आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्यातच कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या, आणि वर सोन्याच्या विटा. असा माल एका जहाजात कुणी भरला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दलाचे जवान आले आणि पाण्याचे नळ मारत राहिले. जहाज गोदीबाहेर न्यावं, की तिथेच बुडवावं, की आग विझवत राहावं, यावर वरिष्ठांचं एकमत होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. तेराच्या आसपास जहाजं बुडाली किंवा निकामी झाली. ‘जलपद्म’ नावाच्या चार हजार टनांच्या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन गोदामावर पडला. मांडवीची धान्याची गोदामं, आजूबाजूची वस्ती जळाली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. युद्धकाळ म्हणून वृत्तपत्रांवर बंधनं होती. आपल्याच शहरात काय झालं हे छापायला मुंबईच्या पत्रांना आठवडे थांबावं लागलं.

गिरगावातल्या जुन्या माणसांकडून या स्फोटाची जी गोष्ट ऐकू येते, ती बहुधा सोन्याच्या विटेची असते. मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून वीट आत पडली, त्यांनी ती सरकारजमा केली. गोष्ट खरी आहे. पुढे कित्येक वर्षांनीही गोदीतला गाळ काढताना विटा सापडत राहिल्या. सोन्याची आठवण ठेवायला कुणाला सांगावं लागत नाही.

पण त्या दुपारी अग्निशमन दलाचे ६६ जण मेले, आणि त्यांची आठवण सोन्यापेक्षाही पक्की राहिली. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीपासून गल्लीबोळातल्या नगरपालिकेपर्यंत प्रत्येक फायर स्टेशनवर त्या दिवशी परेड होते, पुष्पचक्र वाहिलं जातं, आणि मग आठवडाभर शाळा, कारखाने, वसाहतींमध्ये आग विझवण्याची प्रात्यक्षिकं. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी मानवंदना दिली जाते. त्याच तारखेला आंबेडकर जयंती असते. दादर-परळ निळ्या झेंड्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे सकाळची ही परेड बाहेरच्या कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. अग्निशमन दलाला त्याची पर्वा नाही. भरतीला आलेल्या नव्या जवानाला १४ एप्रिल शिकवायला वेगळा देशभक्तीचा तास लागत नाही. रसायनांच्या गोदामाला लागलेल्या आगीवर कसं जायचं, कुठे उभं राहायचं, माघार कधी घ्यायची, हे तो शिकतो. आणि हे न पाळल्याने काय झालं, त्याचं उदाहरण म्हणून ते ६६ जण येतात.

बेल्जियममधल्या ईपर गावी मेनिन गेट नावाची कमान आहे. पहिल्या महायुद्धात त्या भागात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ५४ हजारांहून अधिक जणांची नावं तिच्यावर आहेत, त्यांत भारतीय सैनिकही. तिथे १९२८पासून रोज रात्री आठ वाजता रस्ता थांबवून बिगुल वाजवतात. जर्मनांच्या ताब्यातली वर्षं सोडली तर खंड नाही. बिगुल वाजवणारे कोण? त्या गावाच्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक. मला हे वाचल्यावर भायखळा आठवलं. हे काम जगभर बहुधा अशाच माणसांच्या हाती टिकतं, ज्यांना वेळेवर हजर राहायची सवय असते.

परळला येऊ. परळच्या डबक चाळीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक निवृत्त सुभेदार राहायला आले, रामजी मालोजी सकपाळ. वडीलही पलटणीत होते. रामजींनी लष्करी शाळेत शिकवलं होतं, महूला नोकरी केली होती. पुढे हे कुटुंब बी. आय. टी. चाळीत गेलं. मुलाचं नाव भीमराव. या घरात पलटण ही काही भिंतीवर लावायची गोष्ट नव्हती. तिच्यामुळे अक्षर आलं, पेन्शन आलं, मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलपर्यंत पोचवण्याची ऐपत आली. आणि हीच वाट १८९०च्या दशकात बंद झाली. महारांची सैन्यभरती थांबवण्यात आली.

तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ साली सरकारकडे अर्जाचा मसुदा केला. आमच्या पूर्वजांनी कंपनीच्या फौजेत काय केलं, ते पाहा आणि भरती सुरू करा. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी हाच मुद्दा थेट विलायतेपर्यंत नेला. कोरेगावच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईतली मृतांची नावं आहेत, त्यांत ‘नाक’ अशा शेवटाची २२ नावं महारांची. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. स्तंभ कुणी आणि कशासाठी उभारला, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी त्या नावांचा उपयोग केला. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर तो स्तंभ होता. कोरेगावच्या लढाईवरून कितीही वाद घाला. पण स्मारकाकडून काम करून घ्यावं कसं, हे महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. अफगाण चर्चमधल्या लेखासारखे हे शिपाई ‘नोंदवता न येण्याइतके’ राहिले नाहीत, कारण त्यांची नावं वाचायला येणाऱ्यांना त्या नावांची गरज होती.

परळचीच दुसरी गोष्ट अशी पूर्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात शाही हिंदी नौदल दीड-दोन हजार माणसांवरून वीस हजारांच्या पलीकडे वाढलं. ही पोरं सिसिलीच्या किनाऱ्यापर्यंत आणि ब्रह्मदेशाच्या खाड्यांपर्यंत लढली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ नावाची छोटी सुरुंग-शोधक नौका एका डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होती. दोन मोठ्या, कैकपट तोफा असलेल्या जपानी जहाजांनी त्यांना गाठलं. झुंजीत जपान्यांचं एक जहाज बुडालं आणि ‘बंगाल’ वाचली. युद्ध जिंकून ही माणसं मुंबईला परतली, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं? खडे असलेला भात, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, आणि नोकरी कधी संपेल याची टांगती तलवार. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर त्यांनी जेवायला नकार दिला. दोन दिवसांत संप ७८ जहाजं आणि वीसेक तळांवर पसरला. युद्धात जिंकून आलेले हे सैनिकच होते, हे आपण उठावाची गोष्ट सांगताना विसरतो. ते क्रांतिकारक झाले त्याआधी ते निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे सैनिक होते, आणि त्यांची पहिली मागणी सन्मानाच्या जेवणाची होती.

काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या नेत्यांनी शरण जा म्हणून सांगितलं. पाठीशी उभे राहिले ते गिरणगावातले लोक. २२ फेब्रुवारीला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, लष्कर आलं. परळ-एल्फिन्स्टन भागात गोळीबारात कमल दोंदे ही कम्युनिस्ट कार्यकर्ती मारली गेली. कुसुम रणदिवे जखमी झाल्या. अहिल्या रांगणेकर तिथेच होत्या. त्यांनीच काही वर्षांपूर्वी परळ महिला संघ उभा केला होता. मुंबईत त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसं मेली. यांतला बहुतेक कुणीही नौदलात नव्हता. ज्या सैनिकांना आपण कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी गिरणी कामगाराने गोळी खाल्ली. सैनिकाचा सन्मान म्हणजे काय, याची व्याख्या करायची झाली तर मी इथून सुरुवात करेन.

२३ तारखेला खलाशांनी शरणागतीचे काळे झेंडे चढवले. चारशेहून अधिक जणांना नोकरीतून काढलं. स्वातंत्र्य आलं तरी भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. फार वर्षांनी स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना निवृत्तिवेतन मिळालं, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळाने कुलाब्यात नौदलाने त्यांचं स्मारक उभारलं. पुतळा चांगला आहे, बाग नीट राखलेली असते. पण कमल दोंदे गिरणगावातली होती. परळमध्ये आज टॉवर आहेत, हॉस्पिटलं आहेत, मॉल आहेत. तिची आठवण ठेवणं ज्यांच्या कामाचा भाग होतं, ती संघटना आणि त्या गिरण्याच उरल्या नाहीत.

‘विक्रांत’चंही असंच झालं, थोडक्यात सांगतो. १९७१मध्ये बंगालच्या उपसागरात जिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव बंद केलं, ती विमानवाहू नौका १९९७ला निवृत्त झाली, काही काळ संग्रहालय म्हणून मुंबई बंदरात उभी राहिली, मग लिलावात ६० कोटींना गेली आणि २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली गेली. तिच्या धातूतून काढलेली एक मोटरसायकल पुढे बाजारात आली आणि खपली. नौका वाचवायची तर दरवर्षी देखभालीचा पैसा लागणार होता. तो कुणाच्याही अंदाजपत्रकात नव्हता. याच युद्धात दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली, १९४ जणांसह. तिच्या स्मारकापाशी पर्यटक जातात, कारण दीवला जायचं इतर निमित्त आहे.

लालबाग-परळच्या गणेशोत्सवात सीमेवरचा जवान हा देखाव्याचा कायमचा विषय. थर्मोकोलचा बर्फ, खोटी बंदूक, ध्वनिफितीवर गोळीबार. मला त्याचा राग येत नाही. लहान मुलं डोळे विस्फारून पाहतात. पण त्याच मंडळाच्या चाळीत निवृत्त हवालदार राहतो, त्याची पत्नी तीन जिने चढते, पेन्शनच्या कागदासाठी कुणी बरोबर येत नाही, आणि मंडळाच्या एकाही कार्यकर्त्याला त्याची पलटण माहीत नसते, असं दृश्य मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाला, शाळेतल्या मुलांच्या शर्टावर छोटा झेंडा टोचला जातो, आणि संध्याकाळी तो धुण्यात जातो.

मग करायचं काय, असं विचाराल तर उत्तर मंडळांपेक्षा गावकीच्या खोल्यांकडे आहे. गिरगाव, लालबाग, नायगावच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या या खोल्या होत्या आणि काही अजून आहेत. दहा-वीस माणसं राहायची, भाडं वाटून घ्यायची. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांच्या ‘कूड’ही याच धर्तीच्या, धोबीतलावच्या जेर महालातल्या कूड प्रसिद्धच आहेत. दोन बोटींच्या मधल्या काळात खलाशी तिथे पेटी ठेवून राहायचा, आल्तारासमोर सगळे मिळून प्रार्थना करायचे. पेटी घ्यायला माणूस आला नाही, तर काय झालं ते सर्वांत आधी त्या खोलीला कळायचं. कुठल्याही सरकारी दप्तरापेक्षा त्या खोल्यांना माहीत होतं.

आजही प्रत्येक ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ वार्षिक अहवाल छापतं. त्यात देणगीदारांची नावं असतात, दहावी-बारावीच्या गुणवंतांची नावं असतात, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली असते. त्यात एक पान वाढवता येईल: आपल्या गावातून बोटीवर, पलटणीत, नौदलात गेलेले. शोधणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. युद्धकबर आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही दिलेला आढळतो. अडचण वेगळीच आहे. नावं इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिलेली, आडनावं गाळलेली, गावांची नावं ओळखू न येण्याइतकी मोडलेली. दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या संशोधकाला ती सुटणार नाहीत. राजापूर किंवा मुरुडच्या म्हाताऱ्याला पाच मिनिटांत सुटतील.

सहा हजार नावं एकामागून एक वाचायची झाली, दर नावाला पाच सेकंद धरले, तर आठ तास वीस मिनिटं लागतील. गावागावाने आपली वाचली तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे. वार्षिक सभेच्या अहवाल-वाचनाला याहून जास्त वेळ जातो. व्यापारी जहाजांवरचा खलाशी माजी सैनिकांच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे करणार नाही. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज १९१९मध्ये मुंबईहून लंडनला निघालं त्याच्या आठवणीचा. तारीख सोयीची आहे. नऊ दिवसांनी भायखळ्याची परेडही असते.

घाई एवढ्याचसाठी की बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत, आणि गिरगावच्या जुन्या इमारतीही एकेक करून जाताहेत. नव्या फ्लॅटमध्ये पत्र्याची पेटी नेत नाहीत. तिच्यात डिस्चार्जचे कागद, एखादं पदक, सारंगाच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो असतो. पदक ओळखीचं म्हणून ठेवतात. कागद रद्दीत जातात, आणि जहाजाचं नाव त्या कागदावर असतं.